डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा: टायरच्या हवेची गोष्ट

(या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना मध्येमध्ये आलेले 'म्हणजे' आणि 'ते आपलं' थोडे कापलेत. बाकी तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावून ऐकत असाल तर उत्तम, गाडी चालवताना ऐकत असाल तर एक विनंती. डॅशबोर्डकडे एकदा नजर टाका. घोड्याच्या नालेसारखा किंवा खरं सांगायचं तर कढईसारखा दिसणारा, मध्ये उद्गारचिन्ह असलेला पिवळा दिवा लागलाय का? लागला असेल तर पुढच्या पेट्रोल पंपावर थांबा, हवा चेक करा, मग पुढचं ऐका. मी कुठे जात नाही.

आजचा एपिसोड त्या दिव्याचा आहे. नाव टायर प्रेशर मॉनिटरिंग सिस्टीम, लाडाचं नाव टीपीएमएस. तुम्ही म्हणाल, इतिहासाच्या पॉडकास्टवर हे काय? सांगतो. या दिव्यामागे एक मोठं भांडण आहे, एक कोर्टकेस आहे, आणि आपल्या रोजच्या बोलण्यातल्या 'स्टेपनी' या शब्दाचासुद्धा त्याच्याशी संबंध आहे. आणि माझी स्वतःची एक चूक आहे. सुरुवात तिथूनच करतो.

बाबांचा प्रश्न

आमचं घर यवतमाळचं. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर, आई-बाबा यवतमाळलाच. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मास्तर म्हणून रिटायर झाले आणि त्यांनी एक सेकंड हॅन्ड गाडी घेतली, २०१७ सालची. गाडी छान, फक्त तो पिवळा दिवा. किल्ली फिरवली की मिनिटभर लुकलुकायचा आणि मग जो लागून राहायचा तो गाडी बंद होईपर्यंत.

बाबांनी फोनवर विचारलं, "हे काय दाखवते रे?" मी म्हटलं, हवा भरली ना चारही टायरमध्ये? ते म्हणाले, हो. मग मी अगदी आत्मविश्वासाने सांगितलं, "बाबा, सेन्सरचा बग आहे. इग्नोर करा."

बाबा गप्प झाले. मग म्हणाले, "मग लावला कायले तो?"

हा प्रश्न मी तेव्हा हसण्यावारी नेला. आज त्याचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो, कारण मध्ये गेल्या डिसेंबरात जे झालं त्याने माझी चांगलीच उतरली. ते शेवटी सांगतो. आधी इतिहास.

हवा, कापूस आणि टामी

हवा भरलेला टायर तसा जुना नाही. स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसनने १८४० च्या दशकात त्याचं पेटंट घेतलं होतं, पण तेव्हा ना सायकली होत्या ना मोटारी, त्यामुळे ते विस्मरणात गेलं. १८८८ मध्ये बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तो पुन्हा शोधला, आणि या वेळी तो चालला.

यवतमाळकरांसाठी एक गंमत. त्या काळचा टायर म्हणजे नुसतं रबर नव्हतं. आतमध्ये ताकद देणारं कापड असायचं आणि ते कापड सुती असायचं. पण ते आपल्या कापसाचं नव्हे. टायरला लांब धाग्याचा कापूस लागायचा, इजिप्तचा किंवा अमेरिकेचा सी आयलंड. आपल्या वऱ्हाडातला तेव्हाचा कापूस आखूड धाग्याचा. आपली शकुंतला रेल्वे यवतमाळहून मूर्तिजापूरकडे गाठी वाहायची, तिथून त्या मुंबईला आणि पुढे जहाजाने जायच्या. पण हवेच्या टायरच्या सुरुवातीच्या मोटारी ज्या सुती धाग्यांवर धावल्या तो मान आपल्या पांढऱ्या सोन्याला काही मिळाला नाही. पुढे रेयॉन आलं, नायलॉन आलं आणि टायरमधून कापूस गेलाच.

आता मुद्दा असा, की टायरचा सगळा भार पेलते ती आतली हवा. रबर आणि कापड फक्त तिला धरून ठेवतात. आणि हवा दिसत नाही. मग ती किती आहे हे कळायचं कसं? सुरुवातीपासून उपाय तीनच. एक, डोळ्यांनी बघणं. दोन, लाथ मारून किंवा ठोकून बघणं. हायवेवरच्या ढाब्यावर ट्रकचा क्लीनर हातात टामी घेऊन एकेक चाक ठोकत जातो, बघितलंय ना? भरलेला टायर टणकन वाजतो, बसलेला बद्द वाजतो. हे फक्त कान आणि सवयीचं काम. आणि तीन, गेज. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खिशात मावणारं गेज बाजारात आलं आणि हवेला आकडा मिळाला.

पण या तिन्हींत एक अडचण आहे. गाडी उभी असतानाच हे करता येतं. चालत्या गाडीत हवा कमी होत असेल तर ते ड्रायव्हरला बहुतेक वेळा उशिराच कळतं.

त्यावर पहिला इलाज आला तो फार महागड्या गाडीत. १९८६ ची पोर्श ९५९. ताशी ३०० किलोमीटरच्या वर जाणारी गाडी, तिला चाकातली हवा कमी झाली तर परवडणारच नव्हतं, म्हणून चाकातच प्रेशर ओळखणारी यंत्रणा बसवली. पुढची दहा-पंधरा वर्षं हा प्रकार श्रीमंतांचा लाड म्हणूनच राहिला.

सव्वीस की तीस?

मग आलं साल २०००. अमेरिका.

फोर्ड कंपनीची एक्सप्लोरर नावाची एसयूव्ही तिकडे प्रचंड खपत होती. तिला फायरस्टोन कंपनीचे टायर. उन्हाळ्यात, हायवेवर, वेगात असताना या टायरची वरची पट्टी सोलून निघायची आणि उंच गाडी उलटायची. ९ ऑगस्ट २००० रोजी फायरस्टोनने ६५ लाख टायर परत मागवले. अमेरिकन सरकारच्या तपासात शेवटी मृत्यूंचा आकडा २७१ वर गेला.

मग सुरू झालं भांडण. फोर्ड म्हणाली, टायर खराब. फायरस्टोन म्हणाली, गाडी खराब, आणि शिवाय तुम्ही लोकांना हवा कमी भरायला सांगितली. कारण फोर्डने गाडीवर लिहिलं होतं २६ पीएसआय. फायरस्टोनचं म्हणणं होतं ३० हवे होते. चार पीएसआयचा फरक. आपल्या पंपावरचा पोरगा एवढा फरक घाईघाईत सहज करतो.

हवा कमी असली की काय होतं? टायरची बाजू रस्त्यावर प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते. तार वाकवून वाकवून तोडताना ती गरम होते, तसंच. बाहेर ऊन, खाली तापलेला रस्ता, वर भार आणि वेग. ती उष्णता साठत जाते आणि रबराचे थर एकमेकांना सोडायला लागतात. हवा हेच एकमेव कारण होतं असं कोणी सिद्ध केलं नाही, टायरच्या रचनेतही दोष निघाले. पण एक गोष्ट सगळ्यांना कळली. त्या हजारो ड्रायव्हरांपैकी आपल्या टायरमध्ये नेमकी किती हवा आहे हे जवळपास कोणालाच माहीत नव्हतं.

जवळपास शंभर वर्षांचं फोर्ड-फायरस्टोनचं नातं २००१ मध्ये तुटलं. आणि त्याआधीच, १ नोव्हेंबर २००० रोजी, अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ट्रेड अॅक्ट नावाच्या कायद्यावर सही केली. त्यात एक कलम असं, की नव्या गाड्यांमध्ये हवा कमी झाल्याचा इशारा देणारी यंत्रणा असलीच पाहिजे.

म्हणजे हा दिवा कुठल्या इंजिनिअरच्या हौशीतून आपल्यापर्यंत आला नाही. तो २७१ माणसांच्या मरणातून आला.

कोर्टात गेलेला दिवा

कायदा झाला, पण दिवा लावायचा कसा, यावर पुन्हा वाद. दोन पद्धती होत्या. हे नीट ऐका, कारण तुमच्या गाडीचा दिवा खराब झाला तर यातली कोणती पद्धत आहे त्यावर दुरुस्ती ठरते.

पहिली, थेट पद्धत. प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्व्हच्या बुडाशी, एक छोटा सेन्सर. त्यात प्रेशर मोजणारी चिप, बटणासारखी बॅटरी आणि रेडिओ ट्रान्समीटर. चाक फिरायला लागलं की तो साधारण मिनिटामिनिटाला संदेश पाठवतो: मी अमुक नंबरचा सेन्सर, हवा इतकी, तापमान इतकं. अमेरिकेत हे ३१५ मेगाहर्ट्झवर चालतं, युरोपात आणि आपल्याकडे ४३३ वर.

दुसरी, अप्रत्यक्ष पद्धत. ही म्हणजे निव्वळ सॉफ्टवेअर, त्यामुळे माझ्या जवळची. गाडीत एबीएस असेल तर प्रत्येक चाकाचा वेग आधीच मोजला जात असतो. हवा कमी झालेला टायर किंचित लहान होतो, म्हणून तेवढंच अंतर कापायला तो इतरांपेक्षा किंचित जास्त फिरतो. तो फरक पकडायचा. वेगळा सेन्सर नाही, बॅटरी नाही, खर्च जवळजवळ शून्य.

अर्थातच कंपन्यांना दुसरी आवडली. २००२ मध्ये अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा खात्याने, म्हणजे एनएचटीएसएने, काही वर्षं दोन्हींना परवानगी दिली. पण दुसऱ्या पद्धतीत एक भोक होतं. ती चाकांची एकमेकांशी तुलना करते. मग चारही टायरमधली हवा सारखीच कमी झाली तर? तुलनेत फरकच नाही. दिवा गप्प.

पब्लिक सिटिझन नावाची ग्राहक संघटना कोर्टात गेली आणि ऑगस्ट २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या अपील कोर्टाने तो नियम रद्द केला. अशी यंत्रणा मान्य करणं कायद्याच्या हेतूशी जुळत नाही, असं कोर्टाचं म्हणणं. शेवटी एप्रिल २००५ मध्ये नवा नियम आला: एक टायर असो की चार, हवा ठरलेल्या आकड्याच्या २५ टक्क्यांनी कमी झाली तर २० मिनिटांच्या आत दिवा लागलाच पाहिजे. सप्टेंबर २००७ पासून तिथल्या सगळ्या नव्या हलक्या गाड्यांना हे सक्तीचं झालं. युरोपात २०१४ पासून सगळ्या नव्या कारला.

आणि त्या नियमात एक छोटं कलम होतं, ज्याच्याकडे मी आधी लक्ष दिलं असतं तर बरं झालं असतं. यंत्रणा स्वतःच बिघडली तर तिने तेही सांगायचं. कसं? वेगळा दिवा नसेल तर तोच दिवा गाडी सुरू केल्यावर साठ ते नव्वद सेकंद लुकलुकेल आणि मग लागून राहील. हीच भाषा पुढे जगभरच्या गाड्यांनी उचलली.

आता बाबांची गाडी आठवा. मिनिटभर लुकलुक, मग स्थिर. दिवा स्पष्ट सांगत होता, मी आजारी आहे. मी ऐकलं, 'इग्नोर करा'.

तुमची टेस्ट घेणारा हिवाळा

आता थोडं यवतमाळचं गणित. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३-४४ ला जातो. डिसेंबरच्या पहाटे तो १२ पर्यंत उतरतो. बंद डब्यातली हवा थंड झाली की तिचा दाब कमी होतो, हे शाळेत शिकलोय आपण. मी हिशेब केला. मे महिन्याच्या दुपारी, ४३ अंशांत ३३ पीएसआय भरलेला टायर, एक थेंब हवा न गळता, १२ अंशांच्या पहाटे साधारण साडेअठ्ठावीस दाखवेल. साडेचार पीएसआय नुसते थंडीने गेले.

शिवाय रबरातून हवा हळूहळू झिरपतेच. चांगल्या टायरमधूनही महिन्याला एखादा पीएसआय जातो. उन्हाळ्यात भरली आणि डिसेंबरपर्यंत बघितलंच नाही, तर आकडा २२ च्या आसपास. आणि ३३ चे २५ टक्के कमी म्हणजे पावणेपंचवीस. म्हणून डिसेंबरच्या सकाळी अचानक दिवा लागतो आणि दुपारी ऊन चढलं, टायर गरम झाले की जातो. लोक म्हणतात, सेन्सर खराब आहे, सकाळी लागतो दुपारी जातो. सेन्सर ठणठणीत असतो. हवा खरंच कमी असते.

आणि गंमत बघा, थंडीत चारही टायर एकदमच उतरतात. म्हणजे न्यूयॉर्कच्या कोर्टात ज्या भोकावर वाद झाला ते भोक आपला हिवाळा दरवर्षी उघडून दाखवतो. जुन्या, साध्या अप्रत्यक्ष पद्धतीच्या गाडीत अशा वेळी दिवा लागणारच नाही. नव्या गाड्यांत टायरची थरथरसुद्धा मोजतात म्हणून त्या थोड्या हुशार आहेत, पण भरवसा गेजवरच ठेवा.

रस्त्यावरून आलेला खोटा इशारा

इथे एक छोटासा सॉफ्टवेअरचा किस्सा. २०१० मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स आणि साउथ कॅरोलिना विद्यापीठांतल्या संशोधकांनी चाकातल्या सेन्सरचे संदेश पकडायचा प्रयोग केला. साध्या उपकरणांनी ते चाळीस मीटरवरून ऐकू आले. त्या संदेशांना ना कुलूप होतं ना सही. मग त्यांनी स्वतःच खोटे संदेश बनवले आणि शेजारून धावणाऱ्या गाडीतून पाठवले. समोरच्या गाडीने विश्वास ठेवला. टायर भरलेले, पण दिवा लागला.

घाबरू नका, तुमच्या गाडीचा दिवा कोणी हॅक करत नाहीये. पण यातून एक कळतं. दिवा लागणं म्हणजे टायरची हवा कमी असणं नाही. दिवा लागणं म्हणजे 'कोणीतरी मला असं सांगितलं'. मध्ये बॅटरी आहे, रेडिओ आहे, नंबर आहे, सॉफ्टवेअर आहे. प्रत्येक पायरीवर चूक होऊ शकते, दोन्ही बाजूंनी. आम्ही ऑफिसात सर्व्हरचे अलर्ट लावतो, तिथेही हेच. खोटे अलर्ट खूप आले की माणसं ते म्यूट करतात, आणि ज्या दिवशी खरा येतो त्या दिवशी तो म्यूटमध्येच पडलेला असतो.

स्टेपनी गेली, दिवा आला

आता आपल्याकडे. आधी शब्द. जादा चाकाला आपण स्टेपनी म्हणतो. हा शब्द एका रस्त्याच्या नावावरून आलाय. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी स्ट्रीट आहे. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये पंक्चर झालेल्या चाकाला बाहेरून जोडायचं जादा चाक बनवून विकायला सुरुवात केली. त्याआधी मोटारी जादा चाकाशिवायच यायच्या. तिकडे तो शब्द लोक विसरले, आपण मात्र गावोगाव जपला.

भारतात टीपीएमएस दोन वाटांनी आला. एक, एप्रिल २०१९ पासून नव्या कारना एबीएस सक्तीचं झालं, त्यामुळे अप्रत्यक्ष पद्धत लावणं स्वस्त झालं. दुसरी वाट जास्त रंजक. जुलै २०२० मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने नियम बदलला: साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत ट्यूबलेस टायर, पंक्चर दुरुस्तीचं किट आणि टीपीएमएस असेल, तर स्टेपनी नसली तरी चालेल.

लक्षात आलं का? अमेरिकेत हा दिवा सक्ती म्हणून आला, कारण माणसं मेली होती. आपल्याकडे तो सक्तीचा झाला नाही, स्टेपनीच्या बदल्यात मिळालेली सूट म्हणून आला. जागा वाचते, वजन वाचतं, इलेक्ट्रिक गाडीत बॅटरीला जागा मिळते, सगळं खरं. पण मग त्या दिव्यावरची जबाबदारी किती वाढली! डिकीत चाक असताना दिवा बिघडला तर एक आधार होता. चाकच नसेल तर तो दिवा हाच आधार. तो दुरुस्त असलाच पाहिजे.

'टायर फुटला'

आता आपल्या रस्त्याबद्दल, आणि इथे मी जरा हळू बोलणार आहे.

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. तो यवतमाळ जिल्ह्यातून जात नाही, पण दारव्ह्यावरून कारंज्याला गेलं की आपल्याला तो मिळतो. काँक्रीटचा सरळ रस्ता, कारला ताशी १२० ची मुभा. अपघात वाढले तसे २०२३ मध्ये आरटीओंनी गाड्यांचे टायर तपासायला आणि घासलेल्या टायरच्या गाड्या माघारी पाठवायला सुरुवात केली.

१ जुलै २०२३ ची रात्र तुम्हाला आठवत असेल. नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ उलटली आणि पेटली. पंचवीस माणसं गेली. नागपूर, वर्धा, यवतमाळकडची माणसं. त्यात नोकरीसाठी, शिक्षणासाठी पुण्याला निघालेली पोरं होती, माझ्यासारखीच. मी त्या मार्गाने किती वेळा रात्रीच्या बसने गेलोय.

त्या रात्री पहिली बातमी आली ती 'टायर फुटला' अशी. चालकानेही तेच सांगितलं. नंतर अमरावतीच्या आरटीओच्या अहवालात टायर फुटल्याची शक्यता नाकारली गेली. जागेवर तसे रबराचे तुकडे नव्हते, रस्त्यावर तशा खुणा नव्हत्या.

मी हे कोणाला दोष द्यायला सांगत नाहीये. सांगायचं एवढंच, की आपल्याकडे 'टायर फुटला' हे वाक्य फार सोपं आहे. त्यात कोणाची चूक नसते, जणू वीज पडली. फायरस्टोनच्या वेळीही टायर की गाडी की हवा, हे सांगताना प्रत्येकजण बोट दुसरीकडे दाखवत होता. प्रवासभर हवेची नोंद असती तर निदान त्या प्रश्नाचं उत्तर आकड्यात मिळालं असतं. युरोपात २०२४ पासून नव्या बस आणि ट्रकनाही ही यंत्रणा सक्तीची आहे. आपल्या रात्रीच्या बसमध्ये ती अजून सक्तीची नाही. तिथे अजूनही क्लीनरची टामीच.

दारव्ह्याचा चहा

आता माझी चूक.

गेल्या डिसेंबरात सुट्टी संपवून पुण्याला निघालो. बाबांचीच गाडी, आई-बाबा पण माझ्याकडे महिनाभर राहायला येणार होते. पहाटे निघालो, चांगलाच गारठा. किल्ली फिरवली, दिवा लुकलुकला, मग लागून राहिला. नेहमीचंच. बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मी म्हटलं, "तोच तो."

दारव्ह्याला चहाला थांबलो. शेजारी पंक्चरचं दुकान, नुकतंच उघडत होतं. दुकानदार भाऊ कॉम्प्रेसर सुरू करता करता आमच्या गाडीकडे बघत होता. उठला, पुढच्या उजव्या चाकाला टामीने ठोकलं, मग डाव्याला ठोकलं. म्हणाला, "दादा, हे लाइट कवापासून लागेल हाय?"

मी म्हटलं, "तो दिवा खराब आहे हो, कधीचाच."

तो म्हणाला, "लाइट खराब हाय म्हन्ता. हाव ना. पन टायर बी खराब हाय, ते कोन सांगन?"

गेज लावलं. बाकी तीन टायर सव्वीस-सत्तावीसच्या आसपास. पुढचा उजवा एकोणीस. पाण्यात बुडवल्यावर बारीक बुडबुडे. एक छोटा स्क्रू रुतला होता, कधीचा कोण जाणे. तासाभरात आम्ही समृद्धीवर असतो. मी चालवत होतो, मागे आई. मी तिथे नव्वदने गेलो नसतो, हे मला माहीत आहे.

आता इंजिनिअर म्हणून विचार करा काय झालं होतं. मागच्या डाव्या चाकातल्या सेन्सरची बॅटरी आठ वर्षांत संपली होती. हे नॉर्मल आहे, पाच ते दहा वर्षं चालतात त्या. यंत्रणा ती बातमी लुकलुकून सांगत होती आणि मग दिवा लावून ठेवत होती. दरम्यान पुढच्या उजव्या चाकातला सेन्सर, जो ठणठणीत होता, तो एकोणीस पीएसआय म्हणून ओरडत होता. पण त्या गाडीत आकडे दिसत नाहीत, दिवा एकच, आणि तो आधीच लागलेला! खऱ्या इशाऱ्याला लागायला जागाच उरली नव्हती. आणि ती जागा उरली नाही याला जबाबदार मी, कारण 'इग्नोर करा' मी सांगितलं होतं.

तर तुमच्यासाठी, सरळ सांगतो. दिवा नुसता लागला असेल: गाडी थंड असताना, म्हणजे तीनेक तास उभी असताना, चारही टायर गेजने मोजा. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. टायरवर लिहिलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरू नका. भरूनही दोन-तीन दिवसांत पुन्हा लागला तर पंक्चर शोधा. अप्रत्यक्ष पद्धतीची गाडी असेल तर हवा भरल्यावर रिसेट करायला विसरू नका, नाहीतर ती जुनाच अंदाज धरून बसते. पण कमी हवेवर रिसेट कधीच करू नका, ती कमी हवेलाच बरोबर समजेल.

दिवा आधी लुकलुकून मग लागत असेल: यंत्रणा बिघडली आहे. बॅटरी संपली असेल, टायर बदलताना सेन्सर तुटला असेल, किंवा नव्या सेन्सरचा नंबर गाडीला शिकवला नसेल. बिनसेन्सरची स्टेपनी लावली तरी असंच होतं. वर्कशॉपमध्ये चाकाजवळ धरून सेन्सर जागा करायचं छोटं यंत्र असतं, पाच मिनिटांत कळतं कोणता मेलाय. आणि कधीकधी कारण अगदीच फालतू असतं, स्वस्तातला चार्जर त्याच फ्रिक्वेन्सीवर गोंगाट करत असतो. काढून बघा.

आणि नायट्रोजन भरा म्हणून कोणी मागे लागलं तर भरा हवं तर. आपल्या साध्या हवेतही ७८ टक्के तोच आहे. मोजणं चुकवू नका म्हणजे झालं.

आमचा सेन्सर अमरावतीला बदलला. आता किल्ली फिरवली की दिवा दोन सेकंद लागतो आणि जातो. बाबा रोज बघतात. परवा फोनवर म्हणाले, "आज नाही लागला." आवाजात जरा निराशाच होती. मग म्हणाले, "तरी गेज लावून पाहिलं. बत्तीस."

मास्तर आहेत ते. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला द्यायचं होतं, 'मग लावला कायले तो?' ते उत्तर त्यांनी स्वतःच शोधलंय.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत गाडीत एक गेज ठेवा, आणि घरच्यांना 'इग्नोर करा' म्हणण्याआधी खाली उतरून एकदा बघा. काळजी घ्या.